बोटावरचे शहाण्णव

मोरवा गावात वळणीवर बोंबील सुकत होते. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. दाराशी रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"दम पुरत न्हाय रं, निकेत," जिजाबाई म्हणाली.

निकेतने आईच्या काळ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

"शहाण्णव हाय, आये. मशीन काय खोटं बोलते? सून माहेरी निघाली की तुझं नाटक सुरू!"

जिजाबाई धापा टाकत उंबऱ्यावर बसली.

संध्याकाळी तिचा मृतदेह ताब्यात देताना डॉक्टर म्हणाल्या, "गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी ऑक्सिजन जास्त दाखवतं. संशोधनात सिद्ध झालंय. त्यांना लागलेली धाप दिसत नव्हती का?"

निकेतने चिमटा खिशात लपवला.

ती रिक्षा जिजाबाईनेच हॉस्पिटलला जायला बोलावली होती. निकेतने ती दारातूनच परत पाठवली होती.