माझ्या कठड्यावरून भरलेली सभा

मी एक जुनी ओसरी आहे. ओहायो नदीच्या काठी टॅनर्स फेरी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या वॉटर स्ट्रीटवर एका पिवळ्या घरापुढे मी उभी असते. मित्रांनो, ओसरी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे निवांत बसलेलं कुणीतरी येत असेल. बसणारा निवांत असतो हो, ओसरी नसते. माझी एक बाजू घराच्या भिंतीला आणि दुसरी रस्त्याला. आतलं भांडण मला ऐकू येतं आणि बाहेरचंही. उन्हाळ्यात माझं लाकूड फुगतं, थंडीत आक्रसतं, म्हणून मी सतत कुठे ना कुठे कुरकुरत असते. त्यात गेल्या वर्षी सगळं गाव माझ्यावरून भांडलं, तेव्हापासून तर माझ्या जिवाला स्वस्थता अशी नाहीच.

खरं सांगायचं तर घर आधीचं, मी नंतरची. लाकडी पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराने हे घर बांधलं, तेव्हा दार उघडलं की थेट रस्ताच लागायचा. पुढे त्याच्या सुनेने हट्ट धरला, की मला बाहेर बसून मटार सोलायचे आहेत. मग खुर्च्यांच्या कारखान्यातल्या एका सुताराने ओकचे खांब कातले, कठड्याची एकेक काठी घोटून बसवली, आणि मी झाले. समोरच्या घरातल्या म्हातारीने नाक मुरडलं. "चांगल्या घराला टोपी घातल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. मला फार लागलं होतं ते. महिनाभरात तीच म्हातारी मटार सोलायला येऊन बसू लागली आणि उठायचं नाव घेईना.

चांगले दिवस पुष्कळ गेले आणि मग वाईट आले. मोठा पूर आला, माझ्या फळ्यांत चिखल रुतून बसला. घर भाड्याने गेलं. भाडेकरूंनी माझ्यावर बिघडलेला फ्रीज ठेवला, तो हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. रंगाचे पोपडे सुटले. शेवटी भाडेकरूही गेले. एका कंपनीने आमची रांगच्या रांग विकत घेतली, कारण तिथे पेट्रोल पंप करायचा होता. एका सकाळी बुलडोझर आला. माझ्या खिळ्याखिळ्याला थरथर सुटली.

मला वाचवलं ते मिस ब्रँटनी. कॉर्डेलिया ब्रँट गावच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. तेव्हा तरुण होत्या, आवाज मात्र आत्तासारखाच करडा होता. त्यांनी घरून खुर्ची आणली, माझ्या पायऱ्यांसमोर मांडली आणि बुलडोझरकडे तोंड करून पेपर वाचत बसल्या. बघता बघता त्यांच्या शेजारी आणखी खुर्च्या आल्या. त्यातल्या एका खुर्चीवर लायल हॉस्किन्स होता. नदीतल्या मालवाहू बोटींवर काम करणारा, दांडगा, हसरा मुलगा. बुलडोझर परत गेला. पुढे मिस ब्रँटनी गावाकडून नियम करून घेतला. वॉटर स्ट्रीट हा गावाचा वारसा आहे, इथल्या घरांचा रस्त्यावरून दिसणारा कुठलाही भाग समितीच्या परवानगीवाचून बदलायचा नाही. समितीच्या अध्यक्ष त्याच झाल्या, आणि अजून आहेत.

पुढे कंपनीकडून हे घर लायलने घेतलं. लग्न करून नेड्राला इथेच आणलं. दर वसंतात तो गुडघ्यांवर बसून माझा जुना रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा. कठड्याची एखादी काठी कुजली, तर तशीच कातून घ्यायचा. नेड्रा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती दमून यायची आणि म्हणायची, "माझ्या पाठीला कधी एवढं तेल चोळलंस का रे?" तो म्हणायचा, "तू कुठे कुजतेस!" संध्याकाळी दोघं माझ्यावर बसायची आणि बोटींचे दिवे बघायची. मला वाटायचं, आता असंच चालणार.

दोन वर्षांपूर्वी लायलला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तो चाकांच्या खुर्चीवर घरी आला, तेव्हा चार जणांनी उचलून त्याला माझ्या पायऱ्या चढवल्या. त्यानंतर तो बाहेर आलाच नाही. दाराचा उंबरा उंच आणि माझ्या पायऱ्या उभ्या. नेड्रा एकटी त्याला उचलणार कशी? तो जाळीच्या दाराआड बसायचा. मला त्याच्या चाकांचा आवाज यायचा, दारापर्यंत आणि परत. दारापर्यंत आणि परत. मित्रांनो, ज्याने आपल्याला इतकं जपलं त्याला दोन हात पुढेही येता येऊ नये, आणि कारण आपणच असावं, हे फार अवघड असतं.

मग नेड्राने समितीकडे अर्ज केला. उंबरा काढायचा, माझा डावीकडचा कठडा कापायचा आणि तिथून पुढच्या हिरवळीवर लाकडी रॅम्प उतरवायचा. गावात एकच गलका झाला. समितीची बैठक अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर भरते आणि तिथे लिफ्ट नाही. नेड्रा तिथे जाऊन म्हणाली, "ज्याच्यासाठी चाललंय त्याला वर येता येत नाही. मग तुम्ही खाली या."

अशा रीतीने ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी सभा माझ्याच समोर भरली. चर्चमधून घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. कुणीतरी भोपळ्याचा केक आणला होता, पण त्याला कुणी हात लावला नाही. मिस ब्रँट काठी टेकत आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. लायल जाळीच्या दाराआड होता. नेड्रा माझ्या पायरीवर उभी राहिली.

पहिला उठला गॅरी स्टम्फ. त्याचं टायरचं दुकान आहे आणि तो शेजारच्या घरात राहतो.

"मला एकच सांगा," तो म्हणाला, "माझ्या आईच्या खोलीत वारा शिरत होता. मी प्लॅस्टिकच्या खिडक्या मागितल्या. तुम्ही मला असं झापलंत की जसा काही मी चर्चला आग लावायला निघालो होतो. आणि तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा कोण ओरडलं? हाच. हा लायल. आता त्याची वेळ आली तर नियम वाकवायचा?"

"गॅरी, तुझी आई त्या खिडकीतून बाहेर जाणार नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. गॅरी हसला नाही. मला त्याचं चुकलं असंही वाटेना. त्याच्या आईचा खोकला मी सगळा हिवाळाभर ऐकला होता.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "आज एक कठडा, उद्या दुसऱ्याची गच्ची, परवा तिसऱ्याचा पत्रा. ही रांग मग रांग राहणार नाही. रॅम्प मागच्या दाराने का नाही करत?"

"मागे सरळ उतार आहे," नेड्रा म्हणाली. "खुर्ची सुटली की थेट नदीत. तुम्हाला तेच हवं असेल तर तसं सांगा, निदान अर्ज भरायचा त्रास वाचेल."

पुन्हा हशा झाला, पण तिने माझा कठडा घट्ट आवळून धरला होता. ते मलाच कळत होतं. माझ्यातली एकेक फळी अस्वस्थ होती. मला कापून घ्यायची भीती वाटत होती, हे मी लपवत नाही. आणि कापायचं नाही असं ठरलं तर, ही भीती त्याहून मोठी होती.

तेवढ्यात जाळीमागून आवाज आला. जड, अडखळता.

"माझ्या... ओसरीला... हात लावायचा नाही."

लायलच बोलला होता. नेड्रा वळली. तिला हे ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

"काय म्हणालास?"

"कापायची... नाही. मी आत... बरा आहे."

"बरा आहेस?" नेड्राचा आवाज चढला. सगळं गाव ऐकतंय, हे ती विसरली. "दिवसभर दारापर्यंत येतोस आणि मागे फिरतोस. मी भांडी घासताना ऐकत असते. जेवण टाकतोस. माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नाहीस. आणि बरा आहेस? तुझी ओसरी ना? ये मग. ये ना बाहेर, बस तुझ्या ओसरीवर!"

तिने जाळीचं दार सताड उघडलं.

लायलने डाव्या हाताने चाक ढकललं. खुर्ची उंबऱ्यावर आपटली. त्याने मागे घेऊन पुन्हा ढकललं. पुन्हा आपटली. तो धक्का माझ्या फळ्यांतून खांबांपर्यंत गेला. तिसऱ्यांदा त्याने ढकललं नाही. गॅरी खाली बघत होता.

मिस ब्रँट उठल्या. काठी टेकत, एकेका पायरीवर थांबत माझ्यावर आल्या आणि दारासमोर उभ्या राहिल्या.

"लायल, आपण ही रांग कशासाठी वाचवली होती रे?"

"तुम्हाला... माहीत."

"तेव्हा माहीत होतं. आता नियम सांगून सांगून विसरायला झालंय. म्हणून तुला विचारते."

लायल म्हणाला, "मला... पंप नको होता." लोक हलकेच हसले. तो पुढे म्हणाला, "इथून... बोटी दिसतात."

"शेवटच्या कधी पाहिल्यास?"

त्याने तोंड फिरवलं. मिस ब्रँट तिथेच उभ्या राहून खाली जमलेल्यांना म्हणाल्या, "नियम मी लिहिला आहे. खांब लिहिले, खिडक्या लिहिल्या, रंग कुठला तेही लिहिलं. घरातलं माणूस दारातून बाहेर कसं येणार, ते लिहायचं राहिलं. मतं घ्या."

समितीत दोन हात वर झाले आणि दोन खालीच राहिले. मिस ब्रँटनी हात वर केला. कापलेला कठडा तळघरात नीट ठेवायचा, रॅम्प लाकडाचाच करायचा, एवढ्या अटी घातल्या.

"आणि माझ्या खिडक्या?" गॅरीने विचारलं.

"पुढच्या महिन्यात बोलू."

"दर महिन्याला पुढचाच महिना असतो," असं म्हणून तो निघून गेला. तो भांडण घेऊनच गेला, आणि ते अजून मिटलेलं नाही. जाता जाता लायलकडे मात्र त्याने एकदा वळून पाहिलं.

सुतार आले. सकाळीच त्यांनी उंबरा काढला. लायल रुसून मागच्या खोलीत जाऊन बसला होता. मग माझ्या कठड्यावर करवत चालली. मित्रांनो, दुखलं. खोटं कशाला सांगू? पहिल्या काठ्या नीट निघाल्या, पण टोकाचा कातीव खांब निघेना. सुताराने वैतागून त्यावर हातोडा घातला आणि लाकूड कडकन वाजलं.

आतून चाकं धडधडत आली. "हातोडा... नाही रे, गाढवा!" लायल ओरडला. "खालून... खुंटी आहे! खुंटी... काढ आधी!"

सुतार दचकून मागे सरला. लायल त्याला डाव्या हाताने खुंटी दाखवत होता, शिव्या देत होता, जीभ अडखळत होती तरी थांबत नव्हता. खुंटी निघाली. खांब अलगद सुटला. मग सगळेच गप्प झाले. का गप्प झाले ते लायलला आधी कळेना. त्याने खाली पाहिलं. त्याची चाकं माझ्या फळ्यांवर होती.

दाराशी नेड्रा येऊन उभी होती. तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाली, "गार वारा आहे. जाकीट तरी घालायचं होतंस."

लायल नदीकडे बघत होता. कोळशाची एक लांबलचक बोट प्रवाहाविरुद्ध वर चालली होती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत तो हलला नाही, आणि सुतारांनीही करवत उचलली नाही.

आता डावीकडे मी उघडी आहे. येणारेजाणारे थांबतात. कुणी म्हणतं शोभा गेली, कुणी म्हणतं बरं झालं. समितीत दर महिन्याला वाद होतात, गॅरी दर महिन्याला उठून उभा राहतो. मला वाटतं, त्याचं एकदा नीट ऐकून घ्यावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आम्हाला रंग द्या, पावसापासून वाचवा, आम्ही तुमच्या पणतवंडांनाही पुरू. पण आम्हाला जपता जपता घरातल्या माणसालाच आत कोंडून ठेवू नका. वापर नसलेली ओसरी नुसतं कापलेलं लाकूड असते. आम्हाला पाय हवेत, आणि पाय नसतील तर चाकं हवीत.

आज दुपारी लायल रॅम्पवरून एकटाच उतरला आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. इतक्या लांब तो पहिल्यांदाच गेला आहे. ऊन कलत आलं. नेड्रा दोनदा दाराशी येऊन गेली. आता तिसऱ्यांदा आली आहे, हातात ओलं फडकं आहे, आणि रस्त्याकडे बघत ती पुटपुटते आहे, "कुठे उलथला हा माणूस?"

माझ्या फळ्या कुरकुरताहेत. मलाही कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही.