टाकी भरेपर्यंत

उदगीर जिल्हा होणार म्हणून गुरुपादप्पांनी चार मजली लॉज बांधला, त्याला लिफ्ट बसवली. जिल्हा आला नाही. गिऱ्हाईकही नाही. आणि आता लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तिथं उदगीरच्या नळाला काय येणार?

टँकर आला. तोही लाइट गेल्यावर.

म्हणून पाणी चढवायची मोटार बॅटरीच्या यूपीएसवर लावली. लिफ्टही त्याच्यावरच. गच्चीवरची टाकी भरली की तिथून आवाज द्यायला सून जगदेवी लिफ्टनं निघाली. खाली तिच्या नवऱ्यानं, भीमाशंकरनं, मोटार चालू केली आणि

अंधार.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध.

"अहो! खटका वर करा!"

वर. फट्. खाली.

वर. फट्.

यूपीएसमधून दोन वायरी निघत होत्या, एक लिफ्टची, एक मोटारीची; दोन्हींना मिळून खटका एकच. प्रत्येक वायरीला तिचा तिचा खटका द्या, भार झाला तर तेवढीच बंद पडेल, असं वायरमन श्रीमंत म्हणाला होता. गुरुपादप्पा हसले होते. "एका घरात दोन चुली? आमच्यात न्हाई चालत."

"मोटारीची पिन काढा ना!"

"काढतो, काढतो."

मग सासऱ्यांचा आवाज. "थांब रे. लिफ्टचाच स्विच पाड, मोटार चालू दे. टँकर निघून जाईल. सूनबाई कुठं पळून जाती?"

कुणीतरी हसलं.

शेजारच्या पाइपातून पाणी वर चढू लागलं, तिच्या कानाजवळून. पंखा बंद. पदरानं वारा घेतला. श्वास आखूड. दारावर थाप. पाणी. थाप. पाणी. टाकी लई मोठी. दुष्काळ बघून तिनंच मोठी घ्यायला लावलेली.

"जगदेवी!" खालून सासरे, सवयीनं. "भरली का गं?"

"भरली!" तिच्या तोंडून निघून गेलं. "सांडायलंय, मामंजी! लिफ्टवर पडायलंय!"

"अरे बंद कर! पाणी चाललं!"

पाइप गप्प झाला. दिवा लागला. लिफ्ट वर सरकली, दार उघडलं, ती गच्चीवर धावली. तोंड उघडून हवा घेतली. पुन्हा घेतली.

मग टाकीचं झाकण उचललं. पाणी पार तळाशी.

ती कठड्याशी गेली. खाली टँकर मागे वळत होता. हाक दिली असती तर थांबला असता.

"ऱ्हायलेलं पुढच्या गल्लीला दे बाबा," गुरुपादप्पा ड्रायव्हरला सांगत होते. "आमची भरली."

ती मागे फिरली आणि झाकण लावून टाकलं.