उन्हाऐवजी लावलेला दिवा

मी एक जुना दिवा आहे. थांबा मित्रांनो, लगेच हात जोडू नका. मी समईतला नाही, देवघरातला नाही, आणि माझ्या उजेडात बसून कुणी अभ्यासही केलेला नाही. माझा उजेड जांभळट आणि थोडका. त्यानं खोली उजळत नाही. ज्यांच्या अंगावर कोड उठतं, म्हणजे कातडीचा रंग जाऊन पांढरे डाग पडतात, त्यांच्या डागांवर मला धरतात. डॉक्टरांनी सांगितलं तेवढाच वेळ धरायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून धरायचं, आणि महिनोन्‌महिने न कंटाळता धरत राहायचं. मग कधीकधी त्या पांढऱ्या डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवतात आणि रंग परत येऊ लागतो. कधीकधी म्हणालो हं. हमखास गुण येतो असं सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, मी त्यातला नव्हे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरं कवच, आत काचेच्या नळ्या आणि धरायला मूठ, एवढाच माझा संसार. तिथून मी पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आलो. काय दिवस होते ते! बाहेर बाकावर माणसं माझी वाट बघत बसायची. एका बाईंच्या कपाळावरचा डाग भरून आला, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पेढा ठेवला होता. दिव्याला पेढा! खंडेनवमीला माझ्या मुठीवर झेंडूचं फूल असायचं. मी जरा शेफारलोच होतो म्हणा ना. मग दवाखान्यात एक मोठं यंत्र आलं. माणूस कपाटात शिरावा तसा त्यात उभा राहायचा. त्याच्यापुढे मी म्हणजे हत्तीपुढे शेळी. माझी रवानगी खणात झाली. पण डॉक्टरीणबाई मनानं चांगल्या. ज्यांना लांबून सारखं येणं जमत नाही त्यांना त्या मला घरी न्यायला द्यायच्या, नीट शिकवून, बजावून. असाच मी एके दिवशी मुळशीतल्या चांद्याला आलो.

चांद्याचे हनुमंतराव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. हिंजवडी वाढत वाढत शिवारापर्यंत आली, तशी त्यांनी घरासमोरच्या वावरात भाड्याच्या खोल्या बांधल्या. वर-खाली खोल्या, पुढं गॅलरी, मध्ये अंगण आणि अंगणात पाण्याचा नळ. टेम्पोवाले, सोसायट्यांचे वॉचमन, स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका, सगळे तिथं राहायचे. घर त्यांच्या भाड्यावर चालायचं आणि घराला धास्तीही त्यांच्याच नजरेची. कारण हनुमंतरावांच्या एकुलत्या एका लेकीच्या, जान्हवीच्या, ओठाच्या कडेला, बोटांच्या टोकांवर आणि कोपरावर कोड उठलं होतं.

जान्हवी पौडला कॉलेजात जायची. एसटीत खिडकीजवळची जागा पकडायला ती रोज कुणाशी तरी भांडायची, असं तिनंच मला सांगितलं. हो, ती माझ्याशी बोलायची. दुसरं होतंच कोण बोलायला? तिच्या आईनं, शुभांगीबाईंनी, तिचं कॉलेज बंद केलं होतं. मारुंजीचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि कोडाचं त्यांच्या कानावर जाता कामा नये, एवढाच त्या माउलीला ध्यास. डाग गेल्याशिवाय पोरीनं बाहेर दिसायचं नाही. मग लोक विचारू लागले, तेव्हा शुभांगीबाईंनी सांगून टाकलं की जान्हवी मामाकडे गेलीय.

इथंच सगळं फसलं. जी पोर मामाकडे गेलीय ती खिडकीत उभी कशी राहणार? खिडकीला जाड चादर लागली. जान्हवीनं मोठ्यानं हसायचं नाही, शिंकायचं ते तोंडावर उशी धरून. आपल्याच घरात पोर चोरासारखी राहू लागली. आणि मी? मी लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूंच्या मागं, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. सांजेला कुलूप निघायचं, माझं काम व्हायचं, पुन्हा कुलूप. बाहेर पोरं क्रिकेट खेळायची, टेम्पो मागे घेताना कुणीतरी ओरडायचं, नळावर हंड्यांचा आवाज व्हायचा. आम्ही दोघं आत बसून ते ऐकायचो.

पहिल्यांदा मला वाटायचं, मी हिला बरं करायला आलोय. मग एकदा जान्हवी माझ्याकडे बघत म्हणाली, "तू लवकर काम केलंस तर दार उघडंल. न्हाई केलंस तर मी हितंच." तेव्हा मी चरकलो. म्हणजे ह्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे होय? मी कसला दिवा, मी तर राखणदार झालो! माझ्यावर एवढं ओझं आजवर कुणी टाकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला ते सोसेना.

कोपरावर ठिपके उगवले. मायलेकी आनंदानं रडल्या. पण ओठ आणि बोटं तशीच राहिली. तिथं रंग फार सावकाश येतो आणि कधी येतही नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण नको असलेलं ऐकायला माणसाला कान नसतात. मारुंजीकडून तगादा सुरू झाला, मुलगी मामाकडून कधी येणार म्हणून. शुभांगीबाईंचा जीव टांगणीला लागला.

अशात गेणबा आला. गेणबा पौडच्याही पुढं, डोंगरातल्या वाडीवर राहणारा. हिरडे आणि मध घेऊन तो वर्षातून एखाद्या वेळी यायचा. झाडपाल्याची त्याला माहिती होती. शुभांगीबाईंनी त्याला आडून आडून विचारलं, पावण्यातल्या एका पोरीला आहे म्हणून. गेणबानं बावचीच्या बियांची पूड दिली. पातळ लेप द्यायचा आणि मग सकाळच्या कवळ्या उन्हात थोडा वेळ बसवायचं, असं त्यानं नीट समजावलं. आणि जाता जाता त्याच्या वाडवडलांची रीत सांगितली, "औशिदाचं नाव कुनाफुडं काडू नगा. नाव काडलं का गुण जातुया."

झालं! आमच्या घराला हेच तर हवं होतं. लपवण्यात सगळे आधीच पटाईत, त्यात आता औषधही लपवायचं. डॉक्टरीणबाईंना सांगायचा प्रश्नच उरला नाही. अडचण एकच होती. ऊन. ऊन अंगणात आणि पोर तर मामाकडे! अंगणात बसवली तर गॅलरीतनं सगळी चाळ बघणार. गच्चीवर नेली तर शेजारच्या इमारतीतनं दिसणार. मायलेकी विचार करून दमल्या, आणि मग शुभांगीबाईंची नजर कपाटाकडे वळली. "ऊन काय आन दिवा काय," त्या म्हणाल्या, "उजेड तो उजेडच की."

अहो, मी ओरडलो असतो! पण दिव्याला तोंड कुठलं? बावची लावलेली कातडी उजेडाला हपापलेली असते, हे दवाखान्यात मी कितीदा ऐकलं होतं. तिला सकाळचं ऊनसुद्धा बेतानं द्यावं लागतं, आणि मी तर उन्हातला नेमका तिखट भाग वेगळा काढून केलेला. जान्हवीच्या बोटांना आणि ओठाला लेप लागला. मला रोजच्याहून जास्त वेळ धरलं, कारण घाई होती. मी जळत राहिलो, दुसरं काय करणार?

त्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी कातडी लालबुंद झाली, आणि त्याच्या पुढच्या सकाळी बोटांवर टरारून फोड आले. ओठ सुजून वाकडा झाला. जान्हवी हात हवेत धरून खोलीत येरझारा घालू लागली. हनुमंतराव गाडी काढायला निघाले, तर शुभांगीबाई दारात आडव्या. नळाला पाणी आलं होतं, सगळं अंगण बायकांनी भरलं होतं. पाणी जाऊ द्या, बायका पांगू द्या, मग नेऊ, असं त्या काकुळतीनं सांगत होत्या. हनुमंतराव खाली मान घालून उभे राहिले. लेक तळमळतेय आणि आईबाप नळ जायची वाट बघतायत, मित्रांनो! ह्याला काय म्हणावं?

जान्हवी आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, सरक," ती म्हणाली. "मी बरी व्हायची वाट बघत हितंच म्हातारी व्हईन. हे डाग न्हाई गेले तर? मग काय जल्मभर मामाकडंच ऱ्हाऊ?"

शुभांगीबाई सरकल्या नाहीत. तेव्हा तिनं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, कोपरानं कडी काढली आणि ती अंगणात गेली. मी कॉटवर तसाच पडलो होतो, उघड्या दारातनं मला सगळं दिसत होतं. नळावरचा गलका एकदम थांबला. मला वाटलं, आता कुजबुज सुरू होणार. पण झालं भलतंच. राणी नावाची भाडेकरीण, बीडकडची, तिनं आपला भरता हंडा बाजूला ढकलला, जान्हवीचं मनगट धरलं आणि तिचा हात हलक्या हातानं नळाच्या धारेखाली नेला. फोडांना धक्का लागू दिला नाही. कशानं झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. हाताची आग थोडी निवाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, तुमी मामाकडं न्हवता, हे आमाला ठावं हाय. रोज सांजंला चादरीच्या कडंनं जांभळा उजेड दिसायचा. तुमच्या बोटावरचे डाग म्या आदीच बगितले व्हते, अन असला उजेड डागांवर देत्यात असं ऐकलं व्हतं. किती दिस झालं, इचारीन इचारीन म्हनतीय. पर तुमीच लपिवताय, तर इचारू कसं?"

आणि तिनं पदराला धरून उभ्या असलेल्या आपल्या सात वर्षांच्या पोरीच्या झग्याचा गळा खाली ओढून दाखवला. मानेवर रुपयाएवढा पांढरा डाग होता.

शुभांगीबाई दारातनं ते बघत होत्या. ज्यांच्या नजरेला भिऊन पोर कोंडली, त्यांतली एक बाई आपल्याच पोरीचा डाग कुणाला दाखवू म्हणून ह्या दाराकडे बघत होती.

दवाखान्यात मलाही नेलं. ह्या वेळी जान्हवीनं सगळं सांगितलं, लेप, गेणबा, चादर, मामा, काही राखून ठेवलं नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण गेणबावर नाही. त्या म्हणाल्या, "त्यानं ऊन सांगितलं होतं, काकू, दिवा नाही. आणि बावची लावताय हे मला सांगितलं असतंत, तर मी हा दिवा तेव्हाच बंद ठेवायला लावला असता. आता मला विचारल्याशिवाय दोन्ही नको." मग त्यांनी जान्हवीलाही स्पष्ट सांगितलं, की बोटांचा रंग कदाचित येणारच नाही. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यानं हातापायातलं बळ जात नाही, की डोक्यातली अक्कल जात नाही. कॉलेजला मात्र आता गेलंच पाहिजे.

फोड बरे झाले. जान्हवी पौडला जाऊ लागली. मारुंजीच्या लोकांना हनुमंतरावांनीच खरं काय ते सांगितलं, आणि ते पुन्हा आले नाहीत. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. सुख काही फुकट मिळत नसतं.

आणि माझं काय झालं म्हणता? पुढं गरज पडेल म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्याकडेच राहू दिलं, पण घरात सगळा राग माझ्यावर निघाला. "मेला दिवा," असं म्हणून शुभांगीबाईंनी मला पुन्हा शालूंमागं टाकलं आणि किल्ली कमरेला खोचली. जान्हवी आता दवाखान्यातच जाऊन उपचार घ्यायची. मी अंधारात पडून राहिलो. नळ्यांवर धूळ बसली. पोर सुटली ह्याचा मला आनंद होता, पण खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटायचं. खोलीत मी एकटाच उरलो होतो.

मग एका दुपारी कुलूप वाजलं. जान्हवी कॉलेजात होती. राणीच्या पोरीला डॉक्टरीणबाईंनी तपासलं होतं, घरी दिवा द्यायला हरकत नाही म्हणाल्या होत्या, वेळ ठरवून दिली होती. शुभांगीबाईंनी मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं. मला वाटलं, आता पिशवी शोधतील. पिशवी शोधली नाही. दोन्ही हातांत मला उघडा धरून त्या भर अंगणातनं निघाल्या. गॅलरीतनं कुणीतरी विचारलं, काय हो काकू, काय नेताय ते?

शुभांगीबाई थांबल्या. मग त्या वर बघून, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कोडाचा दिवा हाय. आमच्या जान्हवीचा."

मित्रांनो, माझ्या नळ्या फुटू देऊ नका, मला धुळीत टाकू नका, माझ्याजवळ डोळे उघडे ठेवू नका, आणि मला हात लावण्याआधी अंगाला काय काय लावलंय ते डॉक्टरांना बिनदिक्कत सांगा. पण एक विनंती सगळ्यांत आधी. कुणाला कोंडून माझ्या हवाली करू नका. मी उजेड देतो, जमला तर रंगही देतो. दार मात्र तुम्हालाच उघडावं लागतं.