लाल पाणी पळवणारा बाबा

शुक्रवारी सकाळी आमच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडाभर टोमॅटोच्या सारासारखा लाल दिसणारा समुद्र एका रात्रीत निळाशार झाला होता! धक्क्याच्या टोकाला पाफ्नूतिओस बाबा दाढी कुरवाळत उभे, हातात रिकामी बाटली. बुधवारी त्यांनी त्यातलं 'सात मठांचं तीर्थ' पाण्यात ओतलं होतं आणि गर्जना केली होती, "शुक्रवारी समुद्र शुद्ध! ज्याच्या मनात शंका, त्याच्या दोरीला लाल डाग!"

शंका माझ्या मनात पोतंभर होती. पण पाण्यात सोडलेल्या ज्या दोऱ्यांवर मी शिंपले वाढवते, त्यातल्या एकाही दोरीला डाग नव्हता.

माझे दीर स्टेर्गिओस मात्र हरखून गेले होते. रविवारी त्यांच्या फोतिनीचं लग्न, तीनशे पाहुणे. ग्रीसमध्ये, थेसालोनिकीच्या या बाजूला शिंपल्यांच्या भाताशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत शिंपले काढायला बंदी असल्याचा सरकारी कागद खांबावर तसाच फडफडत होता.

"वहिनी, पाणी बघा, आरसा! आता कसली बंदी? चार पोती काढलीसुद्धा. बायकोनं इथंच धक्क्यावर एक पातेलं चढवलंय."

"भावोजी, पाणी निवळलं म्हणजे शिंपल्याचं पोट निवळलं का? आठवडाभर तेच लाल पाणी प्यायलेत ते."

"तुमचं आपलं लग्नघरातही खुसपट!"

तेवढ्यात आमच्या शाळेच्या पोलिक्सेनीबाई गर्दीतून वाट काढत आल्या. काखेत कागदांची गुंडाळी.

"बाबा, तुमच्यासारखेच बारा संत माझ्या तिसरीच्या वर्गात आहेत. बुधवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शुक्रवारी आपला किनारा निळा.' अजून पुसलेलं नाही. जाऊन बघा."

बाईंनी चित्रं पसरली. "हे उपग्रहानं आकाशातून काढलेले आपल्या आखाताचे फोटो. दर काही दिवसांनी नवे येतात, कुणालाही फुकट बघता येतात. ही लाल पट्टी म्हणजे बारीक शेवाळाची गर्दी. उत्तरेचा वारा सुटला की ती समोरच्या किनाऱ्याला सरकते. वाऱ्याचा अंदाज रेडिओवर सांगतात. बाबांनी महिन्याभरात तीन गावं शुद्ध केली, तिन्ही वेळा वारा फिरायच्या आधी तीर्थ ओतलं. आता पट्टी समोरच्या गावाला लागलीय. बाबा, पुढचा मुक्काम कुठे?"

"समोरच्याच गावाला," नाववाला पटकन बोलून गेला. "दुपारी माझ्याच नावेनं."

बाबा हसले. "लेकी, उपग्रह वर आहे. पण त्याच्याही वर कोण आहे?"

झालं! गर्दीनं पुन्हा माना डोलावल्या. मी जावेच्या पातेल्यातून वाफाळते शिंपले ताटलीत काढले आणि पुढे धरले.

"समुद्र तुम्ही शुद्ध केलात बाबा, पहिला घास तुमचा." त्यांनी खरंच उचलला असता, तर मीच हात धरला असता.

बाबांनी डोळे मिटले. "माते, आज शुक्रवार. माझा उपवास."

म्हातारी मारिगो फिस्सकन हसली. "अरे मेल्या, शिंपले उपवासाला चालतात! उपवासाला रक्ताचं तेवढं वर्ज्य, शिंपल्यांत रक्त कुठंय? कुठल्या मठात होतास रे तू?"

धक्का हसून हसून हलला. स्टेर्गिओस तेवढे हसले नाहीत. ते ताटलीकडे बघत होते, मग बाबांकडे.

"खा," ते म्हणाले.

बाबा एक पाऊल मागे सरले. स्टेर्गिओसनी चारही पोती एकेक करून समुद्रात रिकामी केली. वर ते पातेलंही.

लग्नात पालकाचा भात झाला. तीनशे माणसं पहाटेपर्यंत नाचली, कुणाचं पोट दुखलं नाही. सोमवारी प्रयोगशाळेचा निकाल आला: शिंपल्यांत विष होतंच.

बाईंच्या उपग्रहालाही ते दिसलं नव्हतं. त्याला पाण्याचा रंग दिसतो, शिंपल्याचं पोट नाही, असं बाई स्वतःच सांगतात. म्हणून तर माझा त्यांच्यावर भरवसा. आपल्याला काय कळत नाही हेही जो सांगतो, त्याचं ऐकावं. आणि सगळंच कळतं म्हणणारा भेटला, तर वाद घालू नये. ताटली पुढे करावी, पहिला घास त्याला द्यावा आणि बघावं.