दुसरी हाक

फुलवंताबाई लेकीला घरी न्यायलाच आली होती, आणि दुकानाची पायरी चढता चढता तिने ते जाहीरही करून टाकलं. पोटात एक नि ओठात एक हा प्रकार तिला जन्मात जमला नव्हता.

"गाठोडं बांध, आशा. वाहरूनी जीप भरनी का निंघनं शे."

खापर गावचा बाजार ऐन भरात होता. श्रेणिकच्या मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मायलेकी एकमेकींशीसुद्धा अहिराणीतच बोलत होत्या, घरची बोली बाजूला ठेवून. मालकाच्या देखत त्याला न कळणारं बोलायचं म्हणजे त्याचीच निंदा चालली आहे असं त्याला वाटणार, हे फुलवंताबाईचं मत. रीत म्हणजे रीत.

"माय, आते कशी येऊ? मन्हं काम शे आठे."

"कोनतं काम? मनीबेलीमा जो तो इचारस, तुन्ही आंडेर करस काय? मी काय सांगू? मशीन पुसस?"

आपल्या आंडेरीची, पोटच्या लेकीची, आईनेच अशी किंमत करावी हे आशाला फार लागलं. मशीन पुसण्यासाठी का ती वर्षभर इथे डोळे फोडत होती? दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की श्रेणिकच्या लॅपटॉपवर बसून ती प्रोग्राम लिहायला शिकली होती, आणि तिने जे बनवलं होतं ते काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. मनीबेलीकडे, त्यांच्या गावाकडे, धरणाच्या पाण्यात होड्या चालतात, पण कुठली होडी कुठल्या घाटाला लागली आहे हे एका देवालाच माहीत. माणसं घाटावर दगडावर बसून बसून दगड होतात. आशाने होडीवाल्यांच्या मागे लागून त्यांना सवय लावली: टेकडीवर रेंज आली की एक मेसेज टाकायचा. तिचा प्रोग्राम ते मेसेज गोळा करी, पडद्यावर नदी काढी आणि नदीवर होड्या मांडी. दवाखान्याची माणसं, शाळेचे मास्तर, बाजारकरी, ज्याला हवं त्याने उघडावं आणि बघावं.

"मी नदी बनाडी, माय. होड्यासनी."

"दखाड मंग." फुलवंताबाई स्टुलावर पाय वर घेऊन बसली. "पटनं तं ऱ्हाय. नही पटनं तं जीपमा बठ."

सौदा सरळ होता. आशाला भीती वाटली, पण भीतीपेक्षा हौसच जास्त होती. आईला नदी दाखवायची! अडचण एवढीच, की लॅपटॉप घेऊन श्रेणिकचा भाऊ सकाळीच सुरतेला गेला होता. उरला होता काउंटरवरचा जुनाट कॉम्प्युटर. तिने त्यावर नेटवरून आपला प्रोग्राम उघडला.

काळी खिडकी आली. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. लुकलुकतच राहिली.

"अंधारनी नदी शे का?" फुलवंताबाईने विचारलं.

श्रेणिक सोल्डरिंग बाजूला ठेवून धावत आला. त्याने पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

काय झालं होतं ते सांगायला हवं. या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. एके काळी ते खरोखरचं यंत्र असे; आता त्याची नक्कल करणारे प्रोग्राम पैशाला पासरी झाले आहेत, आणि प्रत्येकाची अक्कल वेगळी. एखाद्याला लाखो रंग येतात, एखादा चक्क चित्रं दाखवतो, एखाद्याला अक्षरांपलीकडे काही म्हणजे काही येत नाही. वरून पंचाईत अशी, की नाव विचारावं तर बहुतेक सगळे एकच सांगतात, एक्सटर्म. बाजारात आलेल्या पाड्यापाड्याच्या माणसांनी "गाव कोणतं" म्हटल्यावर आपल्या पाड्याऐवजी सरसकट जवळच्या मोठ्या गावाचं, "मोलगी" असं, नाव सांगावं, तसं. म्हणून आशाचा प्रोग्राम नावावर विसंबत नसे. तो खुद्द टर्मिनललाच विचारी, तू खरा कोण, आणि तुला काय काय येतं? उत्तर आलं की त्या मापाची नदी काढी. या म्हाताऱ्या टर्मिनलला मात्र तो सवालच कळला नव्हता. ते गप्प होतं, आणि प्रोग्राम उत्तराची वाट बघत दारात उभा होता.

"तुले सांगेल व्हतं," श्रेणिक कळवळून म्हणाला, "अर्धा सेकंद थांब नि पुढे सरक!"

"ते करी देखं ना, श्रेणिकभाऊ!"

केलं होतंच तिने. पण नेट मंद असलं की उत्तर उशिरा यायचं आणि भलत्या जागी सांडायचं; नदीच्या मधोमध कंस, आकडे, प्रश्नचिन्हं तरंगायची. शिवाय तिच्या पाड्यात हाक मारून ओ यायच्या आत पाठ फिरवणं म्हणजे माणसाचा अपमान. ती वळणाची पोर, तिने प्रोग्रामलाही तेच वळण लावलं: उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. आता तो हलत नव्हता.

बाहेर जीपवाल्या वाहरूने हॉर्न दिला.

"कोनी वाट देखी ऱ्हायनी तू?" फुलवंताबाईने विचारलं.

"माय, याले हाक मारी मी. हाऊ ओ देस नही."

"मंग दुसरी हाक?"

"कोनती दुसरी?"

"एकच मारी?" फुलवंताबाईचा आवाज चढला. "खापरमा राहीसन बावळी व्हयनी का? दुसरी हाक नही मारनी तं माणूस उठी कवय?"

दुसरी हाक! आशाला पाड्यातली ती रीत आठवली.

त्यांच्या पाड्यात घरं टेकड्यांवर विखुरलेली. लांबच्या घराला हाक मारली, की लगेच मागोमाग जवळच्या घरालाही हाक द्यायची. जवळच्या घरात कोणी ना कोणी असतंच, आणि त्याचा धर्म असा, की लांबच्याचा नंबर होऊन गेल्याशिवाय त्याने तोंड उघडायचं नाही. जवळच्याची ओ आली आणि लांबून काहीच नाही, म्हणजे तिकडे कोणी नाही. उठा, चालू लागा. अपमान कोणाचा नाही, खोळंबा कोणाचा नाही.

"श्रेणिकभाऊ!" आशा ओरडलीच. "असा एखादा सवाल शे का, जो समदा टर्मिनलसले येस? जुनामा जुनाले बी?"

"शे ना. तुन्ही जात कोनती, यंत्रनी जात. तो समदासलेच येस." बोलता बोलता श्रेणिकचे डोळे मोठे झाले. "आनि त्या सवालसना जबाब लाइनशीरच देतस! पहिलाना आधी, दुसराना मंग!"

"मंग दोन्ही सोबत इचारू! दुसराना जबाब उना नि पहिलाना नही, म्हंजे याले पहिला येसच नही!"

तिची बोटं कीबोर्डवर अशी पडू लागली, जणू कढईत लाह्या फुटताहेत. श्रेणिक खांद्यावरून वाकून बघत होता, नाचायचाच काय तो बाकी होता. हॉर्न पुन्हा वाजला. फुलवंताबाई दाराकडे न बघता ओरडली, "थांब रे, वाहरू!" आता तिलाही चेव चढला होता. आपण एवढं काय मोठं बोललो हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी घडतंय हे तिला दिसत होतं.

आशाने बटण दाबलं.

पापणी लवायच्या आत काळ्या खिडकीत नदी उतरली. रंग नव्हते, चित्रं नव्हती. नुसत्या तिरक्या रेघा. त्या टर्मिनलला जेवढं येत होतं तेवढ्यातच, पण नदी होती! वळण घेणारी, मध्येच फुगलेली, आणि तिच्यावर एकेका अक्षराची एकेक होडी.

"हाई तं आपलं वळन शे," फुलवंताबाई उठून उभी राहिली. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "आठे आपला घाट. नि हाऊ कोन? पल्याड?"

आशाने वाचलं आणि तिला हसू आवरेना. "हाऊ बा शे, माय. बानी होडी. बानीच मेसेज धाडेल शे. वऱ्हाड लिसन पल्याड गया, सकायम्हा परत येई."

"काय? माले तं बोलना व्हता, घाटवरच बठी ऱ्हासू!"

श्रेणिकने आशाच्या बाला, दिलवरसिंगला, फोन लावून पाहिला. लागला नाही, पाण्यावर रेंज कुठली असायला? आता एकीकडे नवऱ्याचा शब्द होता आणि दुसरीकडे लेकीच्या तिरक्या रेघा. जीप घाटापर्यंतच जाणार, पुढे होडीच; रेघा खोट्या ठरल्या आणि जीप सुटली, तर घर एका दिवसाने लांब पडणार होतं. आशाने आईच्या तोंडाकडे पाहिलं, पण तिथे काहीच वाचता येईना.

वाहरू जीप सोडून दारातच आला. "चला, भाभी. भरनी गाडी."

"तू जाय," फुलवंताबाई म्हणाली. "होडी पल्याड शे. रातभर त्या दगडवर बठीसन काय करू?"

"कोन बोलनं?"

"मन्ही आंडेर." तिने पदर खोचला आणि पुन्हा स्टुलावर पाय वर घेतले. "सकायम्हा येसू मी."

"नि आशा?"

"तिन्हं काम शे आठे," फुलवंताबाई म्हणाली. "मी एकलीच येसू."