गुरुदासबुवांचा लोखंडी नाग

"इलो, इलो! नागोबा इलो!"

ऐन मे महिन्याच्या दुपारी कोकणातल्या आरोंद्यात महादूच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळी वाडी लोटली होती. मधोमध गुरुदासबुवा. पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी, हातात वीतभर लांबीची काळी लोखंडी पट्टी. "अष्टकुळीच्या राजा, फणा काढ!" असं ओरडून बुवा पट्टी निखाऱ्यांवर धरत, आणि ती सरळसोट पट्टी खरोखरच हळूहळू टोक वर उचलत असे. लोक हात जोडत. तुळशीपाशी उभी असलेली सुभद्रा मात्र एकेक पाऊल मागे सरत होती, कारण बुवांचं बोट तिच्याकडे वळलं होतं.

तिचा नवरा महादू मुंबईत लोकलच्या रुळांवर गँगमन होता. एप्रिलच्या अखेरीस, रणरणत्या उन्हात, त्याच्या डोळ्यांदेखत सरळ रूळ नागमोडी झाला. येणाऱ्या गाडीचे डबे घसरले, लोकल संध्याकाळपर्यंत खोळंबल्या, आणि महादूचा जोडीदार शिवा पाय गमावून बसला. महादू रजा घेऊन घरी आला तो झोपेत किंचाळू लागला. मग त्याच्या आईने, हौसाबाईने, बुवांना बोलावलं.

"रूळ नाय वळलो, माये, नाग वळलो!" बुवा गरजले. "ह्या सुनेच्या माहेरात कोणीतरी नाग मारल्यान. तो हिच्या पाठसून इलो आणि झिलाच्या, महादूच्या, रुळार जाऊन बसलो. हिका माहेराक धाडा. नायतर पुढचो पाय तुमच्या झिलाचो!"

"आमच्याकडे कोणी नाग मारूक नाय हो," सुभद्रा म्हणाली. कुणाचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात शाळेच्या बाई, काशीबाई, गर्दीतून पुढे आल्या. पट्टी निवून पुन्हा सरळ झाली होती. "बुवा, तीच पट्टी आता उलटी धरा बघू."

"नागाक उताणो करतत काय, बाई? पाप लागात!" असं म्हणत बुवा पट्टी झोळीत घालू लागले. सुभद्रेने हाताला पदर गुंडाळला आणि पट्टी हिसकावली. उलटी करून निखाऱ्यांवर धरली. पट्टी वाकली, पण खाली. नागोबाने स्वतःच निखाऱ्यांत तोंड खुपसलं.

काशीबाईंनी पट्टी जोत्याच्या दगडावर घासली. काजळीखालून पिवळं चमकलं.

"एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला पितळ, दोन्ही एकमेकांना जखडलेली. तापलं की पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं. लोखंड त्याला सुटू देत नाही, म्हणून पट्टी लोखंडाच्या बाजूला वाकते. आणि रुळाचं म्हणाल, तर बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो ना? तापून वाढते तेव्हाच ती चाकावर बसते. तसाच रूळ उन्हात वाढतो. म्हणून एकापुढे एक जोडलेल्या दोन रुळांमध्ये फट ठेवतात. फट पुरली नाही, तर वाढलेल्या रुळाने जायचं कुठे? तो बाजूला वाकतो."

"फट मिटलेलीच होती, बाई," महादू पहिल्यांदाच बोलला. "माका ठावक आसा सगळा. पण इतक्या जड लोखंडाक सरपटताना बघलंय, आणि शिवा ओरडलो... मगे डोक्यात कायच उरूक नाय."

बुवांनी शेगडी तिथेच टाकली आणि झोळी उचलून मागीलदारी पळ काढला. सुभद्रेला वाटलं, सुटले.

"बुवाची पट्टी खोटी असात," हौसाबाई म्हणाली. "पण शिवाचो पाय? तो काय खोटो? माका झील एकच आसा. हिका माहेराक धाडा."

सुभद्रेने महादूकडे पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मघाशी माना डोलावणारे शेजारी एकेक करून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी महादूनेच तिची पेटी होडीत ठेवली. "आवशीचा मन निवळला की नेऊक येतंय," असं तो पाण्याकडे बघत पुटपुटला.

काशीबाई धक्क्यावर आल्या होत्या. "अगं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवलं मी."

"व्हय बाई, सगळ्यांनी बघल्यानी," सुभद्रा म्हणाली. "तरी माका 'रव, जाव नको' म्हणान कोण बोलाक नाय."

होडी खाडीत सुटली.

वाचकहो, ऊन कुणाच्या माहेराहून येत नाही. लोखंड तापलं की वाढतं आणि जागा नसली की वाकतं. रूळ वाकला, तर विचारायचं ते एवढंच: फट किती ठेवली होती, ती कुणी तपासली होती? हौसाबाईने शिवाच्या पायाचं काढलं तेव्हा हा प्रश्न तिच्या तोंडावर एकाने जरी विचारला असता, तर सुभद्रा त्या होडीत बसली नसती.