पाणी सांडलं तर पुन्हा करा

“पाणी सांडलं तर पुन्हा करावं लागेल हं!”

मित्रांनो, मी जन्मलो आणि पहिला आवाज ऐकला तो हा. ग्रंथपाल बाईंचा. अजून माझ्या अंगातली ओल पुरती सुकली नव्हती.

मी एक जुना उतार आहे, वाचनालयाच्या दारातला. कागदोपत्री मला रॅम्प म्हणतात, मुलं मला घसरगुंडी म्हणतात. ज्यांना माझी खरी गरज असते, ते मला काहीच म्हणत नाहीत. ते नुसते वर येतात. म्हणजे, यायचे.

त्या दिवशी बाई एका नव्याकोऱ्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. काठोकाठ भरलेला पेला त्यांनी मांडीवर धरला आणि गवंड्याला म्हणाल्या, “ढकला.” अर्ध्या वाटेतच पाणी पदरावर सांडलं.

“बाई, आंघोळ झाली की तुमची!” गवंडी हसला.

“माझी झाली तर झाली. तिची नको व्हायला.” बाईंनी फाटकाकडे बोट केलं.

तिथे आपल्या दादाच्या मांडीवर एक मुलगी बसली होती. खुर्ची तिचीच होती. तिचे पाय चालत नव्हते. तोवर ती दादाच्या पाठुंगळी बसून वाचनालयात येई आणि दादा दमला की पुस्तक अर्धंच टाकून घरी जाई. गवंड्यानं कुरकुर केली, पण मला फोडलं, लांबवलं, नव्यानं घातलं. दुसऱ्या खेपेला पेल्यातल्या पाण्यावर साधी सुरकुती उमटली नाही. मग ती मुलगी खुर्चीत बसली, दादाला म्हणाली, “तू हात नको लावूस,” आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर आली. दारात पोचल्यावर तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एखादा उतार यापेक्षा आणखी काय मागणार?

मग माझे भरभराटीचे दिवस आले. माझ्यावरून पुस्तकांच्या गाड्या गेल्या, बाबागाड्या गेल्या, गुडघे कुरकुरणारे आजोबा गेले. ग्रंथपाल बाई म्हाताऱ्या झाल्या, त्याही माझ्यावरूनच ये-जा करू लागल्या आणि एक दिवस यायच्या थांबल्या. ती मुलगी मोठी झाली. सगळी मुलं तिला गोष्टीमावशी म्हणू लागली. दर शनिवारी ती मुलांना गोष्टी सांगे. सुरुवातीला तिचा ठरलेला सूर घुमे, तो मला बाहेर ऐकू येई:

*ऐका गं पोरींनो, ऐका रे पोरांनो,*
*दार ठेवा उघडं, गोष्ट येते...*

आणि मग नूतनीकरण आलं.

मित्रांनो, सिमेंटला राग येत नाही असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मला राग येतो. तो त्या दिवसापासून माझ्या अंगात मुरलाय.

वाचनालयाचे नवे अध्यक्षकाका हौशी. त्यांनी ठेकेदाराला सांगितलं, “जुनी फरशी उखडत बसू नका, तिच्यावरच नवी बसवा.” नवी फरशी बसली आणि आतली जमीन चार बोटं वर गेली. मी होतो तिथेच राहिलो. माझ्या माथ्यावर, अगदी दारात, चार बोटांची कड उभी राहिली. उतार चढून यायचं आणि भिंतीला नाक घासायचं!

ठेकेदार म्हणाला, “साहेब, इथे ठेच लागेल.”

“चार बोटांचं काय एवढं? माणूस सहज पाय उचलतो.”

माणूस पाय उचलतो! ऐकलंत? ज्यांना पाय उचलता येत नाही त्यांच्यासाठी मला घातलं, हे त्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. वर माझ्या अंगावर गुळगुळीत चकचकीत रंग चढवला आणि कपाळाशी चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लावलं. मला खोटं बोलायला लावलं, मित्रांनो! दारालगत नियमाप्रमाणे एक रुंद संडास बांधला, धरायच्या दांडीसकट. त्यावरही निळं चित्र. मग त्यात व्यासपीठाचे गालिचे कोंबले, मोडक्या खुर्च्या रचल्या आणि कुलूप घातलं.

आता शनिवारी मावशीची पुढची चाकं कडेवर आपटत. शिपाईमामा आणि दादा तिला खुर्चीसकट उचलत. दादाचेही केस आता पिकलेत. लोक बाजूला सरून बघत. मावशी हसून म्हणे, “चला, कपाट आलं! कोपरे सांभाळा!” सगळे हसत. मी हसत नसे. तिच्या मुठी किती घट्ट वळलेल्या असत, ते खालून मलाच दिसे.

आत गेल्यावर कुणी पाणी पुढे केलं की ती म्हणे, “नको हो, तहान नाही.”

एकदा दादानं अध्यक्षांपाशी कडेचा विषय काढला. ते गोड हसले. “मावशींना त्रास होत असेल तर घरूनच सांगू देत गोष्टी, मोबाइलवर. आमची काही हरकत नाही.” त्यानंतर मावशीनं दादाला गप्प केलं. शनिवार गेला तर तिच्यापाशी उरणार काय?

मित्रांनो, उद्या तुम्ही घरं बांधाल, दुकानं थाटाल, शाळा दुरुस्त कराल. तेव्हा माझ्यासारख्याला रंग नाही दिलात तरी चालेल, फुलांच्या कुंड्या तर मुळीच नकोत. पण मला अर्ध्यावर सोडू नका. जिथे दार, तिथपर्यंत मला न्या. तेही जमत नसेल तर फोडून टाका मला, पण निळं चित्र लावून उभं करू नका.

शेवटी सरकारी तपासनीस आले. त्यांच्या सहीशिवाय वाचनालयात बांधलेलं नवं सभागृह उघडता येणार नव्हतं. फीत लावून त्यांनी माझी लांबी मोजली, उंची मोजली, मान डोलावली. कड मात्र मोजली नाही. संडासाला कुलूप दिसलं, तर अध्यक्ष म्हणाले, “चावी शिपायाकडे आहे, आज तो रजेवर आहे. आणि अहो, आमच्या गोष्टीमावशीच सांगतील ना! दर शनिवारी येतात. मावशी, काही अडचण आहे का तुम्हाला?”

मावशी माझ्या पायथ्याशी होती. तिच्यामागे दादा आणि गोष्टीला आलेली पोरं. अध्यक्षांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. ती नेहमीसारखी हसली नाही. तिनं पेला मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “दादा, ढकल.”

ती वर आली. चाकं कडेवर आपटली आणि सगळं पाणी तिच्या साडीवर सांडलं.

“अरेरे! पुसा, पुसा कुणीतरी,” अध्यक्ष म्हणाले. दोघेजण तिला उचलायला धावले.

“हात लावू नका.” इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तपासनिसांचं पेन तसंच थांबलं. “मला उचललेलं कधीच आवडलं नाही. मी हसायचे, कारण रडले असते तर तुम्ही मला घरी बसवलं असतं.”

मग तिनं रिकामा पेला अध्यक्षांपुढे धरला.

“आणि दर शनिवारी मी पाणी नको म्हणते ना, ते खोटं असतं. तुमच्या त्या संडासात गालिचे आहेत, म्हणून मी सकाळपासून घोटभरही पीत नाही. मला तहान लागते, काका. खूप तहान लागते.”